आडनाव नको, रक्त तपासा
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा सारांश)



आरतीची वेळ जवळ आली आहे, म्हणून एकाच विषयावर बोलतो : सिकलसेल. छत्तीसगडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव विदर्भात आहे. हा आजार तिथेही आहे आणि इथेही.

काही वर्षांपूर्वी आपल्यातलेच एक गृहस्थ सात वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्याकडे आले. मुलाचे हातपाय वारंवार दुखत, डोळे पिवळे दिसत. मी सिकलसेलची तपासणी सुचवली. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हा तर आदिवासींचा आजार. आमच्या घराण्यात कसा असेल?" तपासणी राहिली. मीही आग्रह धरला नाही. आठ महिन्यांनी मुलगा अत्यवस्थ होऊन दाखल झाला, तेव्हा निदान झाले. ते आठ महिने मला अजून सलतात.

हा आजार आनुवंशिक आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका बदलामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हा बदल आई किंवा वडील, एकाकडूनच आला तर माणूस वाहक असतो. त्याला सहसा त्रास नसतो. उलट वाहकाला तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. म्हणूनच आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस आणि मध्य भारत अशा मलेरियाच्या प्रदेशांत हा बदल टिकला. डास काही जात विचारून चावत नाही!

मग काही समाजांतच प्रमाण जास्त का? कारण आपण पिढ्यान्पिढ्या जातीतच लग्ने केली. त्यामुळे तपासणी आधी कुठे करावी, हे ठरवताना समाजाची माहिती उपयोगी पडते. पण आदिवासींबरोबरच अनुसूचित जाती आणि इतर मागास वर्गांतही हा आजार आढळतो. आडनाव पाहून "यांना नसणार" असे ठरवणे धोक्याचे.

अमेरिकेने हा धडा घेतला. तिथे १९७० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या तपासण्या झाल्या आणि निरोगी वाहकांनाही नोकरी व विमा नाकारण्याचे प्रकार घडले. १९८७ मध्ये तज्ज्ञांनी वंश न पाहता प्रत्येक नवजात बाळ तपासण्याची शिफारस केली. २००६ पर्यंत सर्व राज्यांत ते सुरू झाले.

आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासीबहुल भागांतील ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट.

आपण काय करायचे? लग्न ठरवताना पत्रिकेआधी रक्ताचा अहवाल पाहा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा जोडप्याने डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा. एकच वाहक असेल तर मुलांना सिकलसेल अ‍ॅनिमिया होण्याची भीती नसते. मात्र जोडीदाराच्या रक्तात थॅलेसेमियासारखा दुसरा दोष नाही ना, हेही त्याच तपासणीत पाहून घ्यावे. आणि कृपा करून, वाहक मुलीला आजारी ठरवून तिचे लग्न मोडू नका.

त्या दिवशी न धरलेला आग्रह आज आपल्या सर्वांजवळ धरतो आहे. गणपती बाप्पा मोरया!