ग्रहणाचा दोष नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आनंदाचे बोलावे असा रिवाज आहे. पण आज मी जरा अवघड विषय घेऊन उभी आहे. तो म्हणजे जन्मतःच अधू डोळे घेऊन येणारी बाळे.

इथे किहीमला आमच्याच घरात घडलेली गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या जावेचे बाळ दोन महिन्यांचे झाले तरी दिव्याकडे पाहीना. बुबुळाच्या मधोमध पांढुरके दिसे. घरातल्या वडीलधाऱ्या म्हणाल्या, "हिने ग्रहणात विळी हाती घेतली, त्याचे हे फळ!" जाऊ रात्र रात्र रडे. मी मात्र गप्प बसले. शांती, नवस यांतच चार महिने गेले.

शेवटी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी विचारले, "दिवस गेल्यावर अंगावर पुरळ आले होते का?" आले होते. बारीक ताप होता, तीन दिवसांत उतरला, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. तपासाअंती कळले, तो रुबेला. आणि बाळाला जन्मजात मोतीबिंदू.

१९४१ साली सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी अशीच ७८ बाळे नोंदवली. त्यांनी आयांचे बोलणे मन लावून ऐकले, तेव्हा कळले की त्यांतल्या ६८ जणींना गर्भारपणी हाच आजार झाला होता. गर्भाच्या डोळ्यांची घडण चौथ्या आठवड्यातच सुरू होते. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याची खात्रीही नसते. मग त्या माउलीचा दोष तो कोणता?

सगळेच दोष रुबेलाचे नसतात. काही आनुवंशिक असतात, काहींचे कारण सापडतच नाही. पण रुबेला टाळता येतो. गोवर-रुबेलाची लस बाळाला नऊ ते बारा महिन्यांत आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत सरकारी केंद्रावर फुकट मिळते. आपल्या महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी मोठी मोहीम झाली. त्याआधीच मोठ्या झालेल्या मुली मात्र राहून गेल्या असतील. लेकीचे लग्न ठरले की दागिन्यांच्या यादीआधी डॉक्टरांना हे विचारा. ही लस गर्भारपणात देत नाहीत. घेतल्यावर निदान महिनाभर दिवस राहू देऊ नयेत.

आणि बाळाच्या बुबुळात पांढरे दिसले, एक डोळा लहान वाटला, नजर ठरेना, तर मुहूर्त पाहू नका. मोतीबिंदू दाट असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या दीड-दोन महिन्यांत झालेली बरी. पाहायला मेंदूही शिकावा लागतो आणि ते शिकण्याचे दिवस थोडे असतात. कधी तो पांढरेपणा डोळ्यातल्या गाठीचाही असतो. तिथे तर जिवाशी गाठ.

आमच्या बाळाची शस्त्रक्रिया झाली. आज तो जाड चष्म्यातून मोठी अक्षरे वाचतो. ते चार महिने वाया गेले नसते तर कदाचित बारीक अक्षरेही वाचता. माझ्या गप्प बसण्याची टोचणी अजून आहे. भगिनींनो, तुमच्या शेजारी अशी माउली असेल तर तिला बोल लावू नका. तिच्याबरोबर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जा.