जखडलेलें लहान इंजिन

ठाणें आणि कल्याण-डोंबिवली या भागांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरीनें दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच्या मागोमाग गवत येतें. घोडबंदर रस्त्यावरील नव्या गृहसंकुलांत काय, किंवा डोंबिवलीच्या एखाद्या जुन्या दुमजली सोसायटीच्या परसांत काय, भाद्रपद लागेपर्यंत तें गुडघ्याच्या वर पोचतें. त्यांत डांस होतात, साप निघतात, आणि मग सेक्रेटरी माळ्याला निरोप धाडतात. पूर्वीं माळी विळा घेऊन येई. आतां तो खांद्यावर पट्ट्यानें अडकविलेलें गवत कापण्याचें यंत्र घेऊन येतो. त्या यंत्राचा प्राण म्हणजे त्याच्या टोंकास बसविलेलें, नारळाहून फारसें मोठें नसलेलें पेट्रोलचें इंजिन. एखाद्या सकाळीं त्याची दोरी ओढली असतां ती जागची हालतच नाहीं. सोसायटीचें गवत आठ दिवस अधिक वाढलें तर कोणाचें फारसें बिघडत नाहीं; परंतु ज्या गृहस्थाचा वर्षाचा संसार या दोन-तीन महिन्यांच्या कापणीवर चालतो, त्याचा हंगाम बुडतो. अशा वेळीं शेजारपाजारचे लोक दोनच सल्ले देतात: नवें घ्या, किंवा भंगारांत घाला. पुष्कळदां हे दोन्ही सल्ले घाईचे असतात.

पहिला प्रश्न असा कीं, इंजिन खरोखरच जखडलें आहे काय? दोरी हालत नाहीं एवढ्यावरून तें सिद्ध होत नाहीं. पात्याच्या दांड्याभोंवतीं ओलें गवत, प्लास्टिकच्या पिशव्या, कुंपणाची तार असें कांहींही गुंडाळून बसतें. दोरीची जी चकती असते तिच्यांतील स्प्रिंग तुटून अडकते. तिचें झांकण काढून आंतील फ्लायव्हील हातानें फिरवून पाहिलें तर दोष दोरीकडे आहे कीं इंजिनांत, हें पांच मिनिटांत कळतें. तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची. यंत्र आडवें पडून राहिलें आणि पेट्रोल किंवा पाणी सिलिंडरांत शिरलें, तर पिस्टन वर येऊं शकत नाहीं, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. अशा स्थितीत दोरीला जोरानें हिसके देणारा मनुष्य चांगल्या इंजिनाचा दांडा वांकवून बसतो. म्हणून दोरीशीं झोंबण्यापूर्वीं प्लगची तार काढून ती बाजूस करावी, प्लग काढावा, आणि मग इंजिन फिरतें का तें पाहावें. पाणी असेल तर प्लगच्या भोंकांतून पिचकारी उडते आणि रोग तेथेंच संपतो.

प्लग काढूनही इंजिन फिरलें नाहीं, तर मात्र तें जखडलें. पण जखडण्याचेहि दोन अगदीं भिन्न प्रकार आहेत, आणि सर्व उपाययोजना या भेदावर अवलंबून आहे. एक इंजिन उभें राहून जखडतें, दुसरें धांवतां धांवतां. उभें राहून जखडलेल्या इंजिनांत दमट हवेनें गंज चढलेला असतो: लोखंडी सिलिंडराच्या भिंतीवर, पिस्टनच्या रिंगांवर, किंवा खालच्या बेअरिंगांत. हा गंज सोडवितां येतो. धांवतां धांवतां जखडलेल्या इंजिनाची गोष्ट निराळी. त्याला तेल मिळालेलें नसतें. पिस्टन तापून फुगतो, त्याचें ॲल्युमिनियम वितळल्यासारखें होऊन भिंतीला माखतें. खांद्यावरच्या दोन-स्ट्रोक यंत्रांत हें पाहणें सोपें आहे. सायलेन्सरचे दोन स्क्रू काढले कीं धूर बाहेर पडण्याच्या भोंकांतून पिस्टनची बाजू दिसते. ती गुळगुळीत असेल तर आशा आहे; तीवर उभे, खोल ओरखडे असतील तर तेलाच्या बाटल्या रिकाम्या करण्यांत अर्थ नाहीं. तेथें नवा पिस्टन आणि सिलिंडर यांचाच हिशेब करावा, व तो यंत्राच्या किंमतीशीं ताडून पाहावा.

गंजलेल्या इंजिनाला औषध म्हणजे पातळ तेल आणि वेळ. आणि या दोहोंत वेळ अधिक मोलाचा. पेट्रोलची टांकी प्रथम रिकामी करावी. इंजिन असें ठेवावें कीं प्लगचें भोंक वर येईल, आणि त्यांतून गंज सोडविणारें तेल पिस्टन बुडेल इतकें सोडावें. तें हाताशीं नसेल तर डिझेल व इंजिनचें तेल समभाग मिसळून चालतें. जुने फिटर यासाठीं रॉकेल वापरीत. आतां शहरांतून तें दुर्मिळ झालें आहे. दोन-स्ट्रोक इंजिनांत हें तेल भिंतींतील भोंकांवाटे वाहून जातें, म्हणून तेथें सायलेन्सरच्या आणि कार्ब्युरेटरच्या बाजूनेंही थोडें थोडें घालावें; खालच्या बेअरिंगांपर्यंत पोचण्याचा तोच मार्ग. मग एक दिवस यंत्राकडे पाहूं नये. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेल घालावें. कित्येक इंजिनें चौथ्या-पांचव्या दिवशीं सुटतात, कांहीं पंधरवडा घेतात.

जोर लावण्याची वेळ आली म्हणजे तो दोरीनें लावूं नये. फ्लायव्हीलच्या मधल्या नटावर गोटीपाना बसवून, प्रथम घट्ट होण्याच्या दिशेनें आणि मग उलट, केसभर केसभर हालवावें. उलट फिरवितांना नट सैल होऊं लागला तर थांबावें. तेथें फक्त पुढच्या दिशेनेंच प्रयत्न करावा. एकाच दिशेनें बळ लावण्यापेक्षां हें पुढें-मागें डोलविणें शतपट गुणकारी, कारण प्रत्येक हेलकाव्याबरोबर तेल गंजाच्या फटींत शिरतें. फ्लायव्हीलच्या पंखांत पहार घालून तें वळविण्याची एक पद्धत आढळते. ती अडाणीपणाची आहे. पंखा तुटला कीं चाकाचा तोल जातो, आणि सुटलेलें इंजिन पुढें हातांत थरथरत राहतें. पिस्टनवर लोखंडी हातोडी मारणें हेंहि तसेंच. चार-स्ट्रोक इंजिनाचें वरचें झांकण काढलें असेल आणि पिस्टन वरच्या टोंकाच्या खालीं असेल, तर त्यावर लांकडाचा ठोकळा ठेवून हलके टोले देणें इतपत ठीक. ज्याला बळाची घाई असते त्याचें इंजिन सुटतें तेव्हां बहुधा त्याची फ्लायव्हीलची चावीहि कापली गेलेली असते, आणि मग ठिणगी अवेळीं पडूं लागते. यंत्र फिरतें पण चालूं होत नाहीं, आणि बिचारा मालक कार्ब्युरेटर धूत बसतो.

पुराच्या पाण्यांत बुडालेलें इंजिन ही या भागांतील खास बाब. २६ जुलै २००५ च्या महापुरांत उल्हास नदीचें पाणी कल्याण-बदलापूरच्या वस्त्यांत शिरलें, आणि २७ जुलै २०१९ रोजीं तर बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेसच पाण्यानें वेढली गेली. अशा पाण्याबरोबर बारीक गाळ येतो. तो रिंगा आणि भिंत यांमध्यें असतांना इंजिन फिरविणें म्हणजे तें आंतून पॉलिशच्या कागदानें घासणें होय. म्हणून बुडालेलें यंत्र बाहेर काढल्यावर दोरीला हात न लावतां प्लग, कार्ब्युरेटर व हवेची गाळणी उतरवावी, स्वच्छ पाण्यानें गाळ धुवावा, मग डिझेलनें पाणी हांकलावें, आणि लागलीच तेल ओतावें. हें पूर ओसरला त्याच दिवशीं व्हावयास पाहिजे. उघड्या पोलादावर गंज चढण्यास आठवडा लागत नाहीं, एक रात्र पुरते.

खेड्यांतील शेतकऱ्यांना हा रोग नवा नाहीं. खडकीस १९४६ सालीं निघालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्स या कारखान्याचीं डिझेल इंजिनें महाराष्ट्रांतील विहिरींवर पिढ्यान्‌पिढ्या चाललीं, आणि हंगाम नसतांनाही मधून मधून हँडल मारून इंजिन फिरवून ठेवणारा शेतकरी शहाणा समजला जाई. शहरांत मात्र एक नवी अडचण उभी राहिली आहे. २०२५ पर्यंत देशांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण सुमारें २० टक्क्यांवर आलें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें. तो मर्यादेबाहेर गेला कीं इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टांकीच्या तळाशीं बसतें. दोन-स्ट्रोक इंजिनाचें तेल मात्र वरच्या पेट्रोलांतच राहतें. म्हणजे तळाचें पेट्रोल ओढणाऱ्या नळींतून इंजिनाला जें मिळतें त्यांत तेलच नसतें, आणि गंजहि चढतो. चार महिन्यांपूर्वींच्या मिश्रणावर यंत्र चालू करणारा माणूस जखडण्याचे दोन्ही प्रकार एकदमच ओढवून घेतो.

सुटलेल्या इंजिनाची दोरी प्लग न लावतां पंधरा-वीस वेळां ओढावी, म्हणजे आंतील तेल बाहेर फेंकलें जातें. त्या वेळीं प्लगची तार जमिनीस जोडलेली असावी आणि जवळ विडी-काडी नसावी. चार-स्ट्रोक असेल तर खालचें तेल बदलावें, कारण त्यांत आतां डिझेल मिसळलेलें आहे. नवा प्लग, ताजें पेट्रोल. दोन-स्ट्रोकला कारखान्याच्या पुस्तकांत सांगितलेलें प्रमाण: पन्नासास एक असेल तर लिटरला २० मिलिलिटर तेल, पंचवीसास एक असेल तर ४०. इमारतीखालच्या बंद गाडीतळांत तें सुरू करूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड दिसत नाहीं आणि त्यास वासहि नाहीं. उघड्यावर तें पहिलीं कांहीं मिनिटें पांढरा धूर ओकील. तो विरळ होत गेला आणि दोरीला पूर्वींसारखा दाब लागूं लागला, तर माळ्यानें दुपारीं कामावर जाण्यास हरकत नाहीं.

दिवाळीनंतर यंत्र ठेवून देतांना टांकी रिकामी करून, तें आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें. प्लगच्या भोंकांतून चहाचा एक चमचा तेल घालून दोरी सावकाश, दाब लागेपर्यंत ओढावी. तें फरशीवर न ठेवतां फळीवर ठेवावें, आणि प्लास्टिकांत गुंडाळूं नये, जुन्या धोतरानें झांकावें.