शहिदाच्या घरच्यांचे प्रश्न



सैनिक मारला गेला की आपण त्याला लगेच शहीद म्हणतो आणि पुढचं विचारायचं थांबतो. शहीद आणि शाहिद, म्हणजे साक्षीदार, हे दोन्ही अरबीतल्या एकाच धातूचे शब्द. पण जो गेला त्याच्याबद्दल साक्ष द्यायची कुणी? आज मी एका अमेरिकन कुटुंबाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, अफगाणिस्तानात लढायला गेलेल्या अमेरिकन सैनिकाचं आपल्याला काय? ते युद्ध मलाही पटलेलं नाही. तरी ऐका.

पॅट टिलमन हा अमेरिकन फुटबॉलचा नावाजलेला खेळाडू. 2002 साली लाखो डॉलरचा करार सोडून तो भाऊ केविनसोबत सैन्यात गेला. 22 एप्रिल 2004 रोजी खोस्त प्रांतात तो मारला गेला. वय 27. घरच्यांना सांगितलं गेलं की शत्रूशी लढताना त्याला वीरमरण आलं. 'सिल्व्हर स्टार' पदक जाहीर झालं. 3 मे रोजी शोकसभा झाली, ती टीव्हीवर देशभर दाखवली.

खरं असं होतं की त्याला लागलेल्या गोळ्या त्याच्याच तुकडीतल्या जवानांच्या होत्या. गाडी बिघडली म्हणून तुकडीचे दोन भाग केले होते. मागच्या भागावर दरीत हल्ला झाला. त्यांना मदत करायला पॅट टेकडीवर गेला आणि खालून येणाऱ्या आपल्याच लोकांनी टेकडीवर गोळीबार केला. तिथल्या जवानांना हे लगेच कळलं होतं. पॅटचा गणवेश आणि चिलखत जाळून टाकलं, त्याची वहीसुद्धा. केविन त्याच तुकडीत, काही मिनिटं मागे होता. तो भावाची शवपेटी घेऊन घरी आला, तरी त्याला काही माहीत नव्हतं. पॅटच्या शेजारी असलेल्या जवानाने पुढे शपथेवर सांगितलं की केविनला सांगायचं नाही असा त्याला हुकूम होता. पदकासाठी जोडलेल्या जबान्याही बदललेल्या निघाल्या. साक्षच बदलली होती!

घरच्यांना खरं कळलं ते मे महिन्याच्या अखेरीस.

मग आई मेरी टिलमन कामाला लागली. ती शिक्षिका होती, वकील नव्हे. चौकशीचे हजारो कागद आले, पण नावांवर काळ्या पट्ट्या. एका निवृत्त सैनिकाच्या मदतीने कोणत्या पट्टीखाली कुणाचं नाव असेल हे ती जुळवत बसली. एकामागून एक चौकशा झाल्या आणि दर वेळी हकिकत थोडी वेगळी निघाली.

2006 साली एका अधिकाऱ्याने मुलाखतीत सुचवलं की हे कुटुंब धार्मिक नाही, म्हणून त्यांना हा मृत्यू स्वीकारणं जड जातंय. म्हणजे श्रद्धा असती तर गप्प बसले असते! आपल्याकडेही मयताच्या घरी 'सब्र करा' म्हणतात. सब्र करावाच. पण सब्र करणं म्हणजे गोळी कुणाची होती हे न विचारणं, असं मला तरी कुणी शिकवलेलं नाही.

24 एप्रिल 2007 रोजी संसदेच्या समितीपुढे मेरी आणि केविन बोलले. त्याच सुनावणीत जेसिका लिंच ही सैनिक मुलगीही होती. इराकमध्ये ती शेवटपर्यंत गोळ्या झाडत लढली, अशी कथा पसरली होती. ती स्वतःच म्हणाली, मी असं काही केलं नाही. मला तिचं धाडस युद्धातल्या धाडसापेक्षा मोठं वाटतं.

हाती काय लागलं? एका निवृत्त जनरलला ठपका बसला, काही अधिकाऱ्यांना समज मिळाली. फौजदारी खटला कुणावरही झाला नाही. संरक्षणमंत्री रम्सफेल्ड त्या ऑगस्टमध्ये समितीपुढे आले, तेव्हा आपल्याला हे नेमकं कधी कळलं ते आठवत नाही म्हणाले.

आणि एक राहिलं. टेकडीवर पॅटच्या जवळ अमेरिकेच्याच बाजूने लढणारा एक अफगाण सैनिक होता. खालच्या जवानांनी त्याला शत्रू समजून गोळ्या घातल्या. पॅटसाठी विचारायला त्याची आई होती, वर्तमानपत्रं होती, पुढे सिनेमाही निघाला. 2007 च्या त्या सुनावणीत या अफगाण माणसाच्या घरचं कुणी नव्हतं.