हरकती आणि सूचना आपणही पाठवायच्या

(डोंगरकडा येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत प्रभाग समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं)



बचतीचा हिशेब झालाय, म्हणून मला थोडा वेळ मिळालाय. विषय आहे सरकारचा मसुदा. मसुदा म्हणजे कच्चा कागद. ग्रामपंचायत निवडणुकीआधी प्रारूप मतदार यादी लागते, नाव चुकलं असेल तर आपण जाऊन सांगतो. कायद्याचंही तसंच. पक्का व्हायच्या आधी तो लोकांपुढं ठेवतात आणि हरकती, सूचना मागतात. फरक एवढाच, की मोबाईल, आधार, ॲप यांच्याबद्दलचा मसुदा आपल्या चावडीवर लागत नाही. तो दिल्लीच्या संकेतस्थळावर लागतो.

तुम्ही म्हणाल, आपलं काय देणंघेणं? गटात नवीन ताई आली की आपण तिच्या आधारची, पासबुकाची झेरॉक्स घेतो. माहिती ॲपमध्ये भरतो. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला तर लई जणींनी चकरा मारल्या. या माहितीचं पुढं कुणी काय करायचं, यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात एक गोष्ट चांगली आहे. तुमची माहिती घ्यायला संमती मागितली, तर ती मागणी मराठीतही वाचायला मिळाली पाहिजे.

आता गंमत बघा. याच कायद्याच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला राजपत्रात आला, तो हिंदी आणि इंग्रजीत. मुदत १८ फेब्रुवारीपर्यंत, पुढं ५ मार्चपर्यंत वाढवली. सूचना संकेतस्थळावरच टाकायच्या होत्या. दिल्ली, मुंबई, हैदराबाद अशा मोठ्या शहरांत चर्चा झाल्या. देशभरातून ६,९१५ सूचना आल्या, असं सरकारनं सांगितलं. एवढ्या मोठ्या देशातून एवढ्याच! त्यात एखाद्या बचत गटाचं पत्र होतं का, हे कळायला मार्ग नाही, कारण आलेल्या सूचना उघड करणार नाही असं सरकारनं आधीच सांगितलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम पक्के झाले.

आपण बोललो असतो तर काय बोललो असतो? मसुद्यात होतं, की १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला आई किंवा वडिलांची पडताळता येईल अशी संमती लागेल. आता आपल्याकडं घरात एकच मोबाईल, तो मालकाच्या नावावर, ओटीपी त्यांच्याकडं. मग आईची संमती पडताळणार कशी? हे मुंबईच्या बैठकीतल्या साहेबाला सुचेलच असं नाही. तुम्हाला ते रोज दिसतं.

आणि एक गोष्ट तर थेट आपल्या गावातली आहे. या कायद्यानं माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं एक कलम बदललं. आधी खासगी माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे बघावं लागायचं. आता ‘वैयक्तिक माहिती आहे’ एवढं म्हणून नकार देता येतो. घरकुल कुणाला मिळालं, मस्टरवर कुणाची नावं आहेत, हे विचारायला गेलात तर हे उत्तर मिळू शकतं. तेव्हा कलम ८(२) लक्षात ठेवा. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, हे त्यात अजून शाबूत आहे. हा बदल नोव्हेंबर २०२२ च्या मसुद्यातच लिहिलेला होता. ज्यांनी वाचला त्यांनी तेव्हाच आरडाओरड केली. आपल्या एकाही सभेत तो विषय निघाला नव्हता.

मराठीत मसुदा मागणं म्हणजे मेहरबानी मागणं नव्हे. २०१४ मध्ये केंद्रानंच ठरवलं, की मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढं ठेवायचा, सोप्या भाषेत समजावून सांगायचा आणि आलेल्या सूचनांचा सारांशही प्रसिद्ध करायचा. हा कायदा नाही, सरकारचं धोरण आहे, म्हणून पाळलं जातंच असं नाही. २०२० मध्ये पर्यावरणाच्या एका मसुद्यावर दिल्ली उच्च न्यायालयानं तो २२ भाषांत आणा म्हणून सांगितलं. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तो भाग वेगळा. पण एका माणसाच्या अर्जावरून कोर्टानं भाषेचा प्रश्न ऐकून घेतला.

तर आपण असं करू. मसुदा निघाला का हे मी दर महिन्याला बघीन. निघाला तर शेवटची तारीख ग्रामसंघाच्या फळ्यावर लिहायची. सूचना लिहायला वकिलाची भाषा लागत नाही. कुठल्या ओळीनं आपली काय अडचण होते, एवढं चार ओळींत लिहा. फॉर्म मी भरून देते. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, तिथंही हा विषय घ्या, म्हणजे इतिवृत्तात येतो.

आणि एक ठराव करायचाय: मसुदे मराठीत द्या आणि टपालानं आलेल्या सूचनाही घ्या. त्याचा कच्चा कागद सचिवताईंकडं ठेवलाय. तोही मसुदाच आहे बरं का. हरकत असेल तर शनिवारपर्यंत सांगा, सोमवारी सह्या घेऊन पाठवायचाय.