टाचेमागची कंडरा आणि धावणाऱ्याचा धीर

(शारीरिक शिक्षणाचे शिक्षक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोव्यातील गावोगावी पहाटे रस्त्यांवर धावणारी तरुण मुले आपण पाहतो. कोणी शालेय स्पर्धेसाठी धावतो, तर कोणी पोलीस भरतीसाठी. त्यांपैकी काहींच्या टाचेच्या मागे, हाडापासून दोन-तीन बोटे वर, दुखू लागते आणि ते दुखणे महिनोन्‌महिने सरत नाही. भरतीचा दिवस जवळ येतो आणि उमेदवार हताश होतो. अशांना धीर द्यावा आणि योग्य मार्ग दाखवावा, एवढाच आजचा हेतू आहे.

पोटरीचे स्नायू ज्या जाड, दोरखंडासारख्या पट्ट्याने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात, त्याला कंडरा म्हणतात. बोलताना आपण तिला 'शीर' म्हणतो. परंतु ती रक्तवाहिनी नव्हे. शरीरातील सर्व कंडरांमध्ये ही सर्वांत जाड व बळकट आहे. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. मात्र स्नायूंच्या मानाने तिचा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्यामुळे ती सावकाश सुधारते.

अंतर किंवा वेग एकाएकी वाढविणे, वारंवार चढणीवर धावणे, ही या दुखण्याची नेहमीची कारणे होत. सकाळची पहिली पावले टाकताना पाय आखडतो; थोडे चालल्यावर तो सैल होतो आणि मुलाला वाटते, आता बरे झाले. येथेच फसगत होते.

यावर दोन टोकाचे उपाय केले जातात. एक, दुखणे दाबून धावत राहणे. दुसरा, अंथरूण धरणे. पहिल्याने दुखणे बळावते. दुसऱ्याने वेदना शमते, पण कंडरेचे बळही घटते आणि धावणे सुरू करताच दुखणे परतते. कंडरेला हवा असतो तो मोजका, क्रमाक्रमाने वाढणारा भार.

१९९८ साली स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन व त्यांचे सहकारी यांनी दीर्घकाळ पीडलेल्या १५ धावणाऱ्यांना एक साधा व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहायचे, सर्व भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश खाली उतरवायची आणि वर येताना दुसऱ्या पायाचा आधार घ्यायचा. गुडघा सरळ ठेवून १५-१५ च्या ३ फेऱ्या, गुडघा किंचित वाकवून तेवढ्याच. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. ते सर्वजण पुन्हा धावू लागले. पुढील अभ्यासांत प्रत्येकालाच इतके यश आले नाही. तथापि भार देऊन कंडरा सुधारण्याचे तत्त्व टिकून राहिले. आपल्या घराची जांभ्या दगडाची पायरी यासाठी पुरेशी आहे. सोसू लागले की पाठीवरच्या दप्तरात पुस्तके घालून भार वाढवावा. दुखणे अगदी टाचेच्या हाडापाशी असेल, तर टाच पायरीखाली न नेता हा व्यायाम सपाट जमिनीवर करावा.

धावणे पूर्णपणे सोडावे काय? स्वीडनमध्येच झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेदनेला ० ते १० गुण देऊन ५ पर्यंतची वेदना चालू दिली होती. दुसऱ्या सकाळपर्यंत ती ओसरली पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये, ही अट होती. तसे धावणाऱ्यांचे नुकसान झाले नाही. म्हणून रोज सकाळच्या वेदनेचा आकडा वहीत लिहावा व त्यावरून त्या दिवसाची धाव ठरवावी. वेदना वाढली, तर काही दिवस सायकल चालवावी किंवा पोहावे.

काही बाबतींत मात्र विलंब नको. मागून कोणी लाथ मारल्यासारखा झटका बसला आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटली असण्याचा संभव असतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या काही प्रतिजैविकांनी कंडरेस अपाय होऊ शकतो. औषध घेताना डॉक्टरांना हे दुखणे अवश्य सांगावे. वेदना मारण्यासाठी कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा आग्रह धरू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, लंगडणाऱ्या मुलाला आळशी म्हणू नका आणि त्याला संघातून वगळूही नका. वेळ नोंदविण्याचे काम द्या, त्याची वही पाहत जा. हे दुखणे आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावयाचे असते. ते महिने त्याला एकट्याला काढावे लागू नयेत, ही आपली जबाबदारी आहे.