आधी घरच्या बाईला विचारा

आज वास्तुकलेची पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, तुम्ही रात्री जागून ती मिळवलीय, ठाऊक आहे मला.

मला बोलायचंय ते किल्लारीबद्दल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर-उस्मानाबादकडची गावं कोसळली. गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. मी तेव्हा या व्यवसायात नवा होतो आणि मदतीला म्हणून तिकडे गेलो. माणसं दगडाखाली गेली, म्हणून दगडच बदनाम झाला. खरं तर त्या दोन-तीन फूट जाड भिंतींची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेलीच नव्हती. मधे मातीत कोंबलेले बारीक दगड, आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं ओझं. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर मातीचा नवा थर चढायचा. हादरा बसला तशी भिंत उभी सोलली गेली. काही ठिकाणी लाकडी खण मात्र तसेच उभे होते. तिथल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने मला भिंतीत आरपार जाणारा लांब दगड कसा बसवायचा ते दाखवलं. माझ्या कॉलेजात ते कुणी शिकवलं नव्हतं. आजही पाच वर्षांत बहुतेक विद्यार्थ्यांना दगडाची भिंत रचायला लावत नाहीत, याचा मला राग आहे.

पुढे देशभरातून पैसा आला. दात्यांनी गावं दत्तक घेतली. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. भूमिहीनाला २५० चौरस फुटांचं घर, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. गल्ल्या सरळ, आखीव. एका नव्या वसाहतीत घराची किल्ली हातात घेतल्यावर एक आजी मला म्हणाल्या, “सायेब, घर लई चांगलंय, पर जनावरं कुठं बांधू? आन् कडबा?” नकाशात गोठा नव्हता. ओसरी नव्हती, परडं नव्हतं. काही महिन्यांनी गेलो तर भिंतीला टेकवून पत्रे उभे केलेले आणि चूल बाहेर मांडलेली. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, पण घर आखताना त्या बाईला कुणी विचारलं नव्हतं.

याच भागात दुसरीही गोष्ट घडली, तिची चर्चा कमी होते. जी गावं हलवली नाहीत, तिथे घरं दुरुस्त आणि मजबूत करायला कुटुंबांना हप्त्याहप्त्याने मदत मिळाली. गावातल्याच बायका संवाद सहायक, म्हणजे कुटुंबं आणि सरकार यांच्यातला दुवा झाल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने हे काम उभं करायला हातभार लावला. सिमेंट किती, गवंडी कोण, दार कुठल्या दिशेला, हे घरातच ठरू लागलं. गवंड्यावर बाया लक्ष ठेवायच्या आणि भिंतीतला लांब दगड विसरला तर काम थांबवायच्या! हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आपल्या व्यवसायात घराचे फोटो माणसं राहायला येण्याआधीच काढतात. बक्षिसंही त्या फोटोंवर मिळतात. गरिबाचं घर म्हणजे स्पर्धेचा विषय, नाहीतर दात्याच्या नावाची पाटी. मला हे कधीच सहन झालं नाही. म्हणून तुम्हाला बजावून सांगतो, कुणाच्या देणगीतून कुणाचं घर बांधायची वेळ आली, तर पेन्सिल उचलण्याआधी त्या घरच्या बाईशी बोला. ती पाणी कुठून आणते, धान्य कुठे ठेवते, सून बाळंतपणाला कुठे झोपते, ते विचारा. आणि खर्चाचा हिशोब तिच्या हाती राहू द्या.

आता आजचं बघा. सरकारी घरकुल योजनेत घर बांधायला अनुदान मिळतं. वाळू आणि लोखंडाच्या आजच्या भावात ते पुरत नाही. कितीतरी घरकुलं जोत्याशी नाहीतर लिंटेलशी येऊन थांबलीत. दात्यांना अख्खी नवी वसाहत बांधायला आवडते. अशा अडलेल्या कुटुंबाची गवंड्याची मजुरी आणि सळईचे पैसे द्यायला कुणी पुढे येत नाही. तुम्ही या. तुमच्या तालुक्यातलं एक असं घर शोधा, ग्रामपंचायतीत चौकशी करा, पुढचा हप्ता कशासाठी अडलाय ते बघा, आणि स्लॅब पडेपर्यंत त्या कुटुंबाबरोबर राहा.