नुकसानीचे पैसे कोणत्या खात्यात पडले?

गेल्या दिवाळीनंतर चाकणजवळच्या एका गावातले गृहस्थ माझ्याकडे आले. पिशवीत सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक सगळं नीट घडी घालून. म्हणाले, "शेजाऱ्याला अतिवृष्टीचे पैसे आले. माझे कुणी खाल्ले?"

यादीत त्यांचं नाव होतं, केवायसी झालं होतं, रक्कमही सुटली होती. मी विचारलं, "मधे कंपनीत कामाला होता का?" होते, ठेकेदाराकडे, अकरा महिने. पगारासाठी त्यानं भलत्याच बँकेत खातं काढून दिलं होतं, आधार जोडून. नोकरी सुटली, एटीएम कार्ड हरवलं, खातं विस्मरणात गेलं. पैसे तिथं जाऊन बसले होते.

आधारवरून येणारं अनुदान तुमचं पासबुक बघत नाही. आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं, त्यात ते जातं. आपल्या पट्ट्यात घरटी एक पाय वावरात, एक कंपनीत. त्यामुळे ही चुकामूक इथं जास्त. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' दिसतं. मोबाइल आधारशी जोडलेला असला की दोन मिनिटांचं काम. घरातल्या पोराला सांगा. खातं चुकीचं निघालं, तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार तिथं जोडण्याचा अर्ज द्या.

आता रक्कम. पीक 33 टक्के किंवा त्याहून जास्त गेलं असेल तरच मदत मिळते. 2025 च्या खरिपाला दर होता कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये. ऑक्टोबरात राज्यानं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात मर्यादा 3 हेक्टरपर्यंत नेली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी वगैरे हेक्टरी 10,000 वेगळे धरले. आपण मात्र हेक्टरात कुठं बोलतो? एमआयडीसीत जमीन गेल्यावर हाती उरले गुंठे. बागायतीचा हिशेब गुंठ्याला साधारण 170 रुपये. तीस गुंठे कांदा सडला तर 5,100. झालेल्या खर्चापुढे हे किती, ते तुम्हाला मी सांगायला नको. पण हक्काचे आहेत, सोडू नका.

सगळ्यात जास्त पैसे अडकतात ते सातबाऱ्यावर. वडील जाऊन दहा वर्षं झाली तरी उताऱ्यावर तेच. किंवा चार भाऊ, दोन बहिणी सामाईक. सामाईक खात्याला इतरांचं संमतीपत्र लागतं आणि बहीण नांदते सांगलीला. भूसंपादनाच्या मोबदल्यावरून भावाभावांत एकदा वितुष्ट आलं की दोन-चार हजारांसाठी कोण कुणाच्या दारात जातो? वारसनोंद तेवढी पावसाळ्याआधी करून घ्या.

ई-पीक पाहणीही तशीच. कांदा लावलात आणि नोंद केली नाहीत, तर उतारा बघणाऱ्याला तिथं पीकच दिसत नाही. पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येतात. (सरकारनं तिघांच्या पदांची नावं बदलली, आपल्या तोंडात जुनीच आहेत.) ते येण्याआधी सडका माल उपसून बांधावर टाकू नका, आणि टाकावाच लागला तर आधी फोटो काढा.

यादी लागली की प्रत्येक नावापुढं एक विशिष्ट क्रमांक असतो. तो घेऊन सेवा केंद्रात केवायसी करायचं. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला असेल तर बहुधा तीही खेप वाचते.

आणि बँकेनं ही रक्कम पीककर्जात वळती केली तर गप्प बसू नका. मदतीतून कर्जवसुली करू नये, असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. शाखेत लेखी अर्ज द्या, एक प्रत तहसीलदारांना, दोन्हींवर पोच घ्या.

त्या गृहस्थांना जुनं खातं चालू करायला तीन हेलपाटे पडले. तोवर रब्बी कांद्याची रोपं उधारीवर आणून लावून झाली होती.